एक दिवस तुमच्या नियमांनी, एक दिवस आमच्या

१८७४ च्या मे महिन्यात माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठाचा फुटबॉल संघ हार्वर्डला खेळायला गेला, तेव्हा एक पंचाईत समोर आली. दोन्हीकडचे ज्याला फुटबॉल म्हणत होते ते दोन निराळेच खेळ होते. हार्वर्डचा चेंडू गोल, मुख्यतः पायाने खेळायचा. तो उचलून पळायची मुभा होती, पण मागे कुणी लागलं असेल तरच. मॅगिलचा चेंडू लांबुळका, रग्बीच्या वळणाचा; तो काखेत दाबून हवं तेवढं धावायचं आणि समोरच्याने कमरेला मिठी घालून आडवं करायचं. भांडायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळालं नसतं. त्यांनी तोड काढली ती अशी: १४ मेला यजमानांच्या नियमांनी खेळू, १५ मेला पाहुण्यांच्या.

पहिल्या दिवशी हार्वर्डने पाहुण्यांना ३-० असं सहज हरवलं. दुसऱ्या दिवशी कुणालाच गुण मिळाला नाही. पण त्या कोऱ्या बरोबरीतच हार्वर्डची पोरं पाहुण्यांच्या खेळावर भाळली. त्याच वर्षी ती माँट्रियलला जाऊन मॅगिलच्याच नियमांनी खेळून आली, पुढच्या वर्षी तो अर्धामुर्धा रग्बी त्यांनी येल विद्यापीठाच्या गळी उतरवला, आणि त्यातूनच घडत मोडत अमेरिकेचा आजचा फुटबॉल उभा राहिला. जो खेळ अस्सल अमेरिकन म्हणून मिरवतो, त्याच्या मुळाशी शेजारच्या देशातून आलेल्या पाहुण्यांचा चेंडू आहे.

तिकिटांचे जमलेले पैसे पाहुण्यांच्या मेजवानीत खर्च झाले म्हणतात. तिथे मैत्रीवर भाषणंही झाली असतील. ती कुणाच्या लक्षात राहिली नाहीत; चेंडू राहिला.

हे आज उकरून काढायचं कारण म्हणजे खेळातून मैत्री साधण्याचं काम आता सरकारी झालं आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात त्यासाठी वेगळा विभाग आहे, ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये त्याचं लेखी धोरणच जाहीर केलं, आणि इतर देशही त्याच वाटेने निघाले आहेत. या सगळ्या खटाटोपामागे एक गृहीत असतं. चुरस म्हणजे धोका आणि सद्भाव म्हणजे उद्दिष्ट, तेव्हा पहिलीला लगाम घालायचा आणि दुसऱ्याला खतपाणी. मला हे गृहीतच उलटं वाटतं. निदान विद्यार्थ्यांच्या खेळात तरी सद्भाव लावून उगवत नाही. जीव तोडून, पण ठरलेल्या नियमांत झालेल्या लढतीच्या बुंध्याशी तो आपसूक उगवतो. आणि त्याला पाणी घालायला सरकार वाकलं की बहुधा मूळच दुखावतं.

आपल्या भाषेने हा फरक केव्हाच ओळखलेला आहे. 'ईर्षेने खेळली पोरगी' ही मराठीत शाबासकी असते. 'द्वेषाने खेळली' असं कौतुकाने कुणी म्हणत नाही. ईर्षेला समोरचा हवा असतो, तोही चांगला तयारीचा. द्वेषाला तो नकोच असतो. सगळा प्रश्न या दोन शब्दांमधल्या अंतराचा आहे.

१८६९ चा उन्हाळा घ्या. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून चार वर्षं झाली होती, पण त्या युद्धात दक्षिणेच्या बंडखोरांना ब्रिटिश गोदीत बांधून मिळालेल्या 'अलाबामा' या जहाजाने उत्तरेची व्यापारी गलबतं बुडवली होती आणि त्याची भरपाई ब्रिटनने द्यावी म्हणून वॉशिंग्टन हटून बसलं होतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये सेनेटमध्ये चार्ल्स सम्नर यांनी केलेल्या भाषणात मागणीचा आकडा इतका फुगला की लंडनला घाम फुटला. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात हार्वर्डचे चार वल्हवणारे आणि एक सुकाणूधारी अटलांटिक ओलांडून ऑक्सफर्डला आव्हान द्यायला आले. २७ ऑगस्टला थेम्स नदीवर पटनी ते मॉर्टलेक अशी शर्यत झाली. दोन्ही काठांवर लाखोंची गर्दी होती. हार्वर्डने सुरुवातीला आघाडी घेतली, ऑक्सफर्डने ती मोडली आणि सहा सेकंदांनी शर्यत जिंकली. समुद्राखालची तार नुकतीच तीन वर्षांपूर्वी सुरू झाली होती. निकाल त्याच दिवशी अमेरिकेत पोचला.

पुढे १८७१ मध्ये वॉशिंग्टनचा तह झाला, जिनिव्हाच्या लवादाने १८७२ मध्ये ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर द्यायला लावले आणि ब्रिटनने ते दिले. ही सगळी त्या शर्यतीची पुण्याई, असं कुणी सांगू लागलं तर त्याला नमस्कार करून पुढे जावं. तह वकिलांनी आणि मुत्सद्द्यांनी केला, आणि तो करण्यात दोघांचाही फायदा होता. शर्यतीने केलं ते याहून बारीक काम. एकमेकांच्या देशाबद्दल भरपाईच्या आकड्याखेरीज दुसरं काहीतरी दोन्हीकडच्या सामान्य वाचकाला उन्हाळाभर वाचायला मिळालं. हार्वर्डचा सराव कसा चाललाय, त्यांची वल्हवायची ढब कशी वेगळी आहे, ते खातात काय, झोपतात कधी. 'अमेरिका' नावाच्या अमूर्त शत्रूच्या जागी चार घामेजलेली पोरं दिसली. एवढंच. पण हे 'एवढंच' एखाद्या राजदूताला वर्षभर खपूनही जमत नाही.

आणखी एक कावा कॉलेजच्या खेळाने नकळत साधला. १८९९ पासून ऑक्सफर्ड आणि केंब्रिज मिळून एक संघ, हार्वर्ड आणि येल मिळून दुसरा संघ, असे मैदानी (धावणं, उड्या, फेकी यांचे) सामने होत आले आहेत. महायुद्धांसारख्या काळात खंड पडला तेवढाच. ऑक्सफर्ड-केंब्रिजचं आपसांतलं सख्य किती, ते जगाला माहीत आहे. परक्याशी लढायचं तर आधी घरच्या वैऱ्याच्या खांद्याला खांदा लावावा लागतो, आणि तो लावला की वैर कायमचं नसतं हेही कळतं.

शीतयुद्धाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे ईर्षा आणि द्वेष रोज एकमेकांच्या हद्दीत घुसत होते. १९५८ मध्ये मॉस्कोच्या लेनिन स्टेडियमवर अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातला पहिला मैदानी सामना झाला. पुरुषांत अमेरिका १२६-१०९ अशी जिंकली. महिलांत सोव्हिएत संघ ६३-४४ असा जिंकला. मग एकूण कोण जिंकलं? सोव्हिएत वर्तमानपत्रांनी दोन्हींची बेरीज केली: १७२-१७०, आपण विजयी. अमेरिकनांनी पुरुषांचा आणि महिलांचा हिशेब वेगळा ठेवला: मुख्य सामना आपणच मारला. दोन्ही देशांत एकाच सामन्याच्या बळावर दोन विजय साजरे झाले.

हसू येतं, पण या बेरजेने अमेरिकेच्या एका दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं. अमेरिकन कॉलेजं मुलींच्या खेळावर जवळजवळ काहीच खर्च करत नव्हती. ज्या मुली देशाची लाज राखत होत्या, त्या बहुतांशी टेनेसी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातल्या, प्रशिक्षक एड टेंपल यांच्या हाताखाली तयार झालेल्या होत्या. १९६० मध्ये रोम ऑलिंपिकमध्ये विल्मा रुडॉल्फने तीन सुवर्णपदकं जिंकली. रिलेच्या चौघीच्या चौघी टेनेसी स्टेटच्या होत्या. तिच्या गावाने तिच्या स्वागताची मिरवणूक काढली, ती काळ्या-गोऱ्यांनी एकत्र साजरा केलेला त्या गावातला पहिला सोहळा ठरला, कारण वेगवेगळ्या स्वागताला तिने साफ नकार दिला होता. पुढे १९६३ मध्ये तिला सरकारने सदिच्छा दूत म्हणून आफ्रिकेला पाठवलं. ज्या देशातल्या कित्येक खाणावळींत तिला बसता येत नव्हतं, त्या देशाची सदिच्छा घेऊन ती डाकारला गेली! सदिच्छा दौऱ्यांबद्दल माझ्या मनात जी अढी आहे, तिचं हे एक कारण. उलट सोव्हिएत मुलींशी झालेल्या चुरशीने अमेरिकेला स्वतःकडे पाहायला भाग पाडलं. समोरचा आपल्यापेक्षा सरस आहे हे कळण्याइतकं मोठं शिक्षण नाही, आणि ते लुटुपुटुच्या सामन्यात मिळत नाही.

जुलै १९६२ मध्ये हाच सामना स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मैदानावर आला. दोन दिवसांत दीड लाखाहून अधिक माणसं आली. पहिल्या दिवशी अमेरिकेच्या हॅरोल्ड कॉनॉलीने हातोडाफेकीचा जागतिक विक्रम केला. दुसऱ्या दिवशी वालेरी ब्रुमेल उंच उडीसाठी उभा राहिला. आडवी काठी २.२६ मीटरवर, म्हणजे उंच माणसानेही हात वर करावा तिथे. तोवर कुणी तिथवर पोचलं नव्हतं. तो पोचला, आणि खचाखच भरलेलं अमेरिकन स्टेडियम एका सोव्हिएत माणसासाठी उभं राहिलं. समारोपाला रांगा मोडल्या, आणि दोन्हीकडचे खेळाडू हातात हात घालून धावपट्टीवरून फिरले. तीन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून हेच दोन देश अणुयुद्धाच्या काठावर उभे होते.

मग काय उपयोग झाला त्या फेरीचा? हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि रास्त आहे. माझं उत्तर असं, की खेळाकडे क्षेपणास्त्रं थांबवायचं काम कधी सोपवलेलंच नव्हतं. ते सोपवलं की खेळ हटकून नापास होतो, आणि मग तो बंद करायला कारण मिळतं. १९६६ मध्ये तसंच झालं. व्हिएतनामचा निषेध म्हणून सोव्हिएत संघाने लॉस एंजेलिसचा सामना ऐनवेळी रद्द केला. त्याने व्हिएतनाममधला एकही बाँब कमी पडला नाही.

कॉनॉलीबद्दल एक सांगायचं राहिलं. तो बॉस्टन कॉलेजात शिकलेला. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकला तो ओल्गा फिकोतोव्हा या चेकोस्लोव्हाकियाच्या थाळीफेकपटूच्या प्रेमात पडला. ती प्रागमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होती. लोखंडी पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या सरकारांच्या परवानग्या मिळवून दुसऱ्या वर्षी त्यांनी प्रागमध्ये लग्न केलं, आणि पाठराखणीला चेकोस्लोव्हाकियाचा विख्यात धावपटू एमिल झाटोपेक उभा होता. हे कुठल्या धोरणात बसवणार? बसवूही नये. त्याच मेलबर्नमध्ये हंगेरी आणि सोव्हिएत संघाच्या वॉटर पोलो सामन्यात पाण्यात रक्त उतरलं होतं. हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये, सोव्हिएत रणगाडे शिरून महिनाच झाला होता. खेळ द्वेष निर्माण करतो असं म्हणणारे या सामन्याचा दाखला देतात. पण तो द्वेष तलावात तयार झाला नव्हता, बाहेरून आला होता. खेळाने तो लपवला नाही, इतकाच त्याचा गुन्हा.

विद्यार्थ्यांच्या जागतिक स्पर्धेची जन्मकथाच या ओढाताणीची आहे. १९२३ मध्ये फ्रान्सच्या जाँ पेतीजाँ यांनी पॅरिसला विद्यापीठांची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थ्यांची संघटना फुटली, पूर्वेकडच्यांच्या स्पर्धा वेगळ्या आणि पश्चिमेकडच्यांच्या वेगळ्या. १९५७ मध्ये पॅरिसला दोन्हीकडचे पुन्हा एकत्र खेळले, आणि १९५९ मध्ये तुरीनला पहिलं 'युनिव्हर्सियाड' झालं. तिथे एक सुरेख निर्णय घेतला गेला. विजेत्याच्या देशाचं राष्ट्रगीत न वाजवता 'गाउदेआमुस इगितुर' हे विद्यार्थ्यांचं जुनं लॅटिन गाणं वाजवायचं. तरुण आहोत तोवर मजा करून घेऊ, पुढे माती आहेच, असा त्याचा आशय. छातीवर हात ठेवून अश्रू ढाळावेत असं त्यात काही नाही. पदक देशाचं नसून पोराचं आहे, हे इतक्या हलक्या हाताने दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला माहीत नाही.

सरकारं मात्र गाण्याने हरत नसतात. १९६७ च्या टोकियो स्पर्धेत उत्तर कोरियाचं नाव कसं लिहायचं यावरून वाद झाला आणि सोव्हिएत संघासह अनेक समाजवादी देशांनी पाठ फिरवली. एका देशाच्या नावाच्या पाटीपायी कितीतरी देशांच्या मुलांचं वर्ष गेलं. १९७३ मध्ये मॉस्कोने स्पर्धा भरवली ती ऑलिंपिक आपल्याकडे यावं म्हणून. तिथे इस्रायलच्या संघाची गणवेशातल्या सैनिकांनी स्टँडमधून हुर्यो केली, आणि त्या संघाला प्रोत्साहन द्यायला आलेल्या सोव्हिएत ज्यूंना धक्काबुक्की झाली. पुढच्याच वर्षी १९८० चं ऑलिंपिक मॉस्कोला मिळालं. यजमानपद हे सद्भावाचं प्रमाणपत्र नसतं.

२००३ चं देगू आठवतं. दक्षिण कोरियातल्या या शहरात उत्तर कोरियाचा विद्यार्थी संघ आला, दोन्ही कोरियांनी एकाच झेंड्याखाली संचलन केलं, छायाचित्रं जगभर गेली. उत्तरेहून शेकडो तरुणींचं एक पथक फक्त टाळ्या आणि घोषणांसाठी आलं होतं, आणि प्रेक्षक खेळाडूंपेक्षा त्यांनाच बघायला गर्दी करत होते. मग एका पावसाळी दिवशी त्यांची बस रस्त्याने जात असताना त्यांना एक स्वागतफलक दिसला. त्यावर उत्तर कोरियाचे सर्वोच्च नेते किम जोंग इल यांचा फोटो होता आणि तो पावसात भिजत होता. मुलींनी बस थांबवली, रडत धावल्या, फलक उतरवला आणि जपून घेऊन गेल्या. ज्यांनी प्रेमाने तो फलक लावला होता, ते दक्षिणेकडचे लोक बघत राहिले.

त्या संचलनापेक्षा या भिजलेल्या फलकाने दोन कोरियांबद्दल जास्त सांगितलं. आपल्यात किती अंतर आहे हे त्या दिवशी दोघांनाही कळलं, आणि मला ते नुकसान वाटत नाही. झेंड्याखाली एकत्र चालण्यात दोघांनी आपापला वेगळेपणा झाकला होता. १८७४ च्या पोरांनी तो मैदानात मांडला होता. मात्र कोरियाच्या गोष्टीत दुसरा दिवस आलाच नाही. त्या मुली पहाऱ्यात आल्या, पहाऱ्यात राहिल्या, पहाऱ्यात परतल्या. २०१५ मध्ये ग्वांगजूला हीच स्पर्धा झाली तेव्हा उत्तर कोरिया आलाच नाही.

सद्भावाची दुसरी नक्कल म्हणजे मुद्दाम हातचं राखून खेळणं. १९७१ मध्ये टेबल टेनिसमधून अमेरिका आणि चीन जवळ आले, त्या 'पिंगपाँग मुत्सद्देगिरी'त चीनचं घोषवाक्य होतं: मैत्री आधी, स्पर्धा नंतर. जगज्जेत्या चीनने बीजिंगमध्ये दुय्यम खेळाडू उतरवले आणि पुरुषांचा सामना ५-३, महिलांचा ५-४ असा बेताने जिंकला. यजमानाची अदब म्हणून ठीक. पण त्यात पाहुण्याला कमी लेखणंही आहे, आणि ते पाहुण्याला कळतं. त्या प्रकरणात खरं काम केलं ते त्याआधी जपानमधल्या नागोयात एका बसने. १९ वर्षांचा ग्लेन कोवान हा अमेरिकन विद्यार्थी चिनी संघाच्या बसमध्ये चढला, आणि मागच्या बाकावरून उठून जगज्जेता च्वांग त्झतुंग त्याला रेशमी चित्र भेट द्यायला पुढे आला. तो प्रसंग कुणाच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. दोन्ही सरकारांना आधीच दार उघडायचं होतं, म्हणून त्यांनी त्या प्रसंगाचा उपयोग करून घेतला, हेही खरं.

हातचं राखण्यापेक्षा वाईट म्हणजे खेळायलाच न येणं. जयपालसिंग मुंडा ऑक्सफर्डचे विद्यार्थी, तिथल्या हॉकी संघाचे मानकरी. १९२८ मध्ये सनदी सेवेच्या प्रशिक्षणातून सुट्टी मिळत नसताना ते भारताचे कर्णधार म्हणून ॲमस्टरडॅमला गेले, आणि ती नोकरी सुटली. भारताने एकही गोल न खाता २९ गोल केले आणि सुवर्णपदक आणलं. १९२० चं हॉकीचं सुवर्ण ज्यांच्याकडे होतं, त्या ब्रिटनने संघच पाठवला नाही. ज्या विद्यापीठाने मुंडांना बरोबरीने खेळवलं, त्याच देशाला आपल्या वसाहतीशी बरोबरीने खेळणं परवडलं नाही.

आता ज्या माणसामुळे हा विषय माझ्या डोक्यात घोळत राहिला, त्याच्याकडे येतो. बिल ब्रॅडली. प्रिन्स्टन विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू, १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या अमेरिकन संघात. अंतिम सामना सोव्हिएत संघाशी होणार हे जवळजवळ ठरलेलं. सोव्हिएत खेळाडू मैदानात एकमेकांना चाली सांगत त्या अर्थातच रशियनमध्ये, अमेरिकनांना काय कळतंय अशा भरवशावर. ब्रॅडलीने जाण्याआधी थोडी रशियन शिकून घेतली. कशासाठी? मैत्रीसाठी मुळीच नाही, जिंकण्यासाठी. सामन्यात अंगाला खेटून धक्के देणाऱ्या एका धिप्पाड सोव्हिएत खेळाडूला त्याने रशियनमध्ये टोकलं, आणि तो गडी दचकून मागे सरला. अमेरिका ७३-५९ अशी जिंकली. पुढच्या वर्षी बुडापेस्टला विद्यार्थ्यांच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा सोव्हिएत खेळाडू समोर होते. मग ऑक्सफर्डला दोन वर्षं, मग व्यावसायिक खेळ, आणि १९७९ पासून अठरा वर्षं सेनेटमध्ये.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९२ मध्ये सगळे जण कर्ज, अण्वस्त्रं आणि बाजारपेठ यांबद्दल बोलत होते. ब्रॅडलीने आग्रह धरला तो वेगळ्याच गोष्टीचा: त्या देशांतली शाळकरी मुलं हजारोंनी आणा, वर्षभर अमेरिकन कुटुंबांत ठेवा, इथल्या शाळांत घाला. तो कार्यक्रम कायद्यात आला, आणि १९९३ पासून मुलं येऊ लागली. टोकियोतल्या चार रशियन वाक्यांतून हा कायदा निघाला असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. पण ज्याने प्रतिस्पर्ध्याची भाषा त्याला हरवण्यासाठी शिकली, त्याला तीस वर्षांनी त्या देशाच्या मुलांची आठवण झाली. ज्यांनी फक्त मैत्रीच्या परिषदा भरवल्या होत्या त्यांना झाली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

यावर एक आक्षेप येतो: चुरशीची इतकी भलामण करता, मग अपमान झाला तरी खेळतच राहायचं का? नाही. २०२३ मध्ये चीनमधल्या छंगतूच्या विद्यापीठ स्पर्धेसाठी निघालेल्या अरुणाचल प्रदेशच्या वुशू या चिनी युद्धकलेच्या तीन खेळाडूंना चीनने व्हिसा दिला तो पासपोर्टवर न चिकटवता, वेगळ्या कागदावर, टाचणीने टाचून. अरुणाचल भारताचा आहे हे मान्य नाही, असं सांगायची ती रीत. भारताने संपूर्ण वुशू संघ थांबवला आणि बाकीच्या खेळांतले विद्यार्थी मात्र छंगतूला गेले. त्यांनी ११ सुवर्णांसह २६ पदकं आणली. मला हा निर्णय योग्य वाटला. तिघांना वगळून बाकीचा वुशू संघ पाठवणं म्हणजे त्या टाचणीला मान्यता देणं झालं असतं. आणि सगळी स्पर्धाच सोडणं म्हणजे टोकियो १९६७. जिथे काटा बोचला तिथेच बोट ठेवलं, अख्खा हात कापला नाही. तरीही त्या तिघांचं काय? त्यांच्या वाट्याला ना चुरस आली ना सद्भाव. दोन देशांनी आपापली बाजू बरोबर मांडली आणि किंमत त्यांनी मोजली. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

काही गोष्टींवर मात्र उत्तर आहे, आणि तिथे झेंडे लागत नाहीत, कारकुनी लागते. २०२५ मध्ये जर्मनीतल्या स्पर्धेत भारताच्या बारा बॅडमिंटनपटूंपैकी सहा जणांना मैदानात उतरताच आलं नाही, कारण आपल्याच अधिकाऱ्यांनी सर्वांची नावं रीतसर दिली नव्हती. परक्याने दार लावलं तर निषेध नोंदवता येतो. आपणच किल्ली हरवली तर काय करणार? अमेरिकेत २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता येतात. पण विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी खेळाडूला काम करायची बंदी आहे, म्हणून त्याच संघातला, त्याच कपाटाशेजारी कपडे बदलणारा नायजेरियन किंवा स्पॅनिश मुलगा बहुतेक वेळा हात चोळत बसतो. गेल्या शतकात कुठल्याही मंत्रालयाविना सगळ्यात जास्त परदेशी मित्र अमेरिकेने याच वसतिगृहांत आणि याच संघांत मिळवले. पुढे बास्केटबॉलचा मोठा तारा झालेला हकीम ओलाजुवॉन नायजेरियातल्या लागोसहून ह्यूस्टन विद्यापीठात आला तो शिष्यवृत्तीवर, सदिच्छा दौऱ्यावर नव्हे. ती पुंजी व्हिसाच्या एका कलमापायी झिजत आहे.

माझी मागणी त्यामुळे फार मोठी नाही. विद्यार्थी संघांचे दौरे तीन दिवसांचे नकोत, तीन आठवड्यांचे हवेत. पाहुण्यांना हॉटेलात कोंडू नका, यजमान खेळाडूंच्याच वसतिगृहात ठेवा. उद्घाटनातली नाचगाणी अर्धी करा. त्यातून वाचेल तेवढ्या पैशांत पुष्कळ पोरांचा प्रवास होईल. पहिला सामना पूर्ण ताकदीने, कुणाचीही भीड न ठेवता होऊ द्या. आणि नंतर एक दिवस पाहुण्यांच्या नियमांनी खेळा, त्यांचा एखादा खेळ, जो आपल्याला धड येत नाही. त्यात आपण हास्यास्पद दिसू. हार्वर्डची पोरंही १५ मेला दिसली असतील.

ब्रॅडलीच्या कार्यक्रमातून रशियाने २०१४ मध्ये अंग काढून घेतलं. तिकडे गेलेला एक मुलगा परतला नाही, हे निमित्त झालं. रशियाने युक्रेनचा क्रिमिया बळकावला ते वर्ष होतं, निमित्त लागणारच होतं. तोवर वीसेक वर्षं मुलं जात-येत राहिली. त्यांतली पहिली आता पन्नाशीकडे झुकली आहेत. उद्या कधी बोलणी सुरू झाली आणि त्यांतलं कुणी टेबलाच्या पलीकडे बसलेलं असलं, तर समोरच्याच्या घरी सकाळी किती वाजता न्याहारी होते आणि कुठल्या संघाचा सामना असला की फोन उचलत नाहीत, हे त्याला ठाऊक असेल.